दूधसागरचा घाट उजेडात पाहायचा, तर बेत उलटा आखा

पहिल्यांदा आम्ही सांगलीहून गोव्याला रेल्वेनं गेलो, तेव्हा मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की दूधसागर खिडकीतून दाखवतो. रात्री गाडीत बसलो, जेवलो, झोपलो. पहाटे आईनं हलवून उठवलं, तेव्हा बाहेर मडगावचा फलाट होता. "कुठाय तुझा धबधबा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अख्खा घाट अंधारात मागे पडला होता, आणि चूक माझीच होती. तिकीट काढताना सुटायची आणि पोचायची वेळ पाहिली, घाटाच्या अलीकडच्या लोंढ्याची आणि पलीकडच्या कुळेची वेळ पाहिलीच नाही.

त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या कुणी हा प्रवास विचारला, की मी एकच सांगतो: घाट येताना बघायचा, जाताना नाही. बाकीचा सगळा खटाटोप या एका गोष्टीभोवती फिरतो.

गाडी कोणती आणि दिशा कोणती

आपल्या भागातून या घाटाकडे जाणारी रोजची गाडी म्हणजे गोवा एक्सप्रेस. निजामुद्दीन ते वास्को हिचा क्रमांक १२७८० आणि वास्को ते निजामुद्दीन हिचा १२७७९. पुणे, सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसल रॉक, कुळे, मडगाव, वास्को असा मार्ग. सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी ती थांबते.

दिल्लीहून येणारी १२७८० आपल्याकडे रात्री येते आणि मध्यरात्रीनंतर घाट उतरते. बाहेर काळोख आणि बोगद्यात बदलणारा चाकांचा आवाज, एवढंच पदरात पडतं. उलट १२७७९ वास्कोहून दुपारी तीनच्या सुमारास निघते. त्यामुळे कुळे ते कॅसल रॉक हा चढ दुपार कलताना ते संध्याकाळच्या आत येतो, मिरज-सांगली रात्री दहा-साडेदहाच्या आसपास आणि सातारा मध्यरात्र उलटल्यावर. वेळापत्रकात मिनिटांचे बदल होत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी गाडीचं पूर्ण वेळापत्रक उघडा आणि दोनच ओळी पाहा: कुळे आणि कॅसल रॉक. या दोन वेळा सूर्य मावळायच्या आत असल्या पाहिजेत.

सूर्य मावळायची वेळही ऋतूप्रमाणे सरकते हे विसरू नका. जुलैत गोव्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात सहा वाजून गेले की संपलं. म्हणजे पावसाळ्यात गाडी तासभर रखडली तरी चालतं, थंडीत तोच तास घाट गिळून टाकतो. दिलासा एवढाच, की १२७७९ वास्कोहूनच सुटते. दिल्लीहून दीड दिवस धावत आलेल्या गाडीला उशिराची जी सवय असते, ती हिला सुरुवातीच्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये लागायचं फारसं कारण नसतं.

याउलट, जाताना १२७८० चांगली तीन-चार तास उशिरा धावत असेल, तर चिडू नका. पहाटेचा गजर लावा. घाट उजाडताना मिळण्याची शक्यता आहे, आणि रेल्वेच्या उशिराचा असा फायदा आयुष्यात क्वचित होतो.

आठवड्यातून एकदाच जाणारी पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस हा दुसरा, लांबचा पर्याय. तीही मिरज-लोंढा-कॅसल रॉक करून मडगावला उतरते आणि तिथून कोकण रेल्वेच्या रुळांवरून थेट केरळात जाते. एका बर्थवर पडल्या पडल्या सह्याद्रीचा घाट, कारवारचा किनारा, नद्यांवरचे पूल असं सगळं हवं असेल, तर ही गाडी. तिचंही लोंढा-कुळे वेळापत्रक वरच्या पद्धतीनं तपासूनच घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मात्र गोवा एक्सप्रेसच धरावी. रोज असल्यामुळे तारीख हुकली तर दुसऱ्या दिवशीची गाडी असते.

घाटात नक्की काय आहे

कुळे ते कॅसल रॉक हे अंतर २६ किलोमीटर. याला ब्रागांझा घाट म्हणतात. चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते. आपल्या भोर घाटाचा, खंडाळ्याकडचा चढही याच मापाचा आहे. रस्त्यावरच्या मोटारीला हे काहीच वाटत नाही, पण लोखंडावर लोखंड घासत वीस-बावीस डबे ओढायचे म्हणजे इंजिनाचा घाम निघतो. म्हणून कुळेला गाडी थांबवून मागच्या बाजूला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात.

हा मार्ग १८८० च्या दशकात पोर्तुगिजांच्या काळात मुरगाव बंदरासाठी बांधला गेला. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तोवर कॅसल रॉक हे सरहद्दीवरचं स्टेशन होतं. आज तिथं उतरून चहा पिताना ते लक्षात येत नाही, पण एवढ्याशा वस्तीच्या मानानं स्टेशनचा पसारा मोठा का, याचं उत्तर त्यात आहे.

मधे सोनावळी, दूधसागर, करंझोळ ही जंगलातली स्टेशनं लागतात. दूधसागर धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्यानं कोसळतो आणि रेल्वेचा पूल त्याच्या मधूनच जातो. म्हणजे वर पाणी, खाली पाणी आणि मधे तुमची खिडकी. पावसाळ्यात पुलावरून जाताना तुषार थेट तोंडावर येतात.

तिकीट: इथं सगळ्यात जास्त लोक फसतात

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं. पण हे ६० दिवस कुठून मोजायचे? गाडी तिच्या पहिल्या स्टेशनातून ज्या दिवशी सुटते, त्या दिवसापासून. जाताना सांगलीत शुक्रवारी रात्री चढणार असाल, तर ती गाडी निजामुद्दीनहून गुरुवारी निघालेली असते. म्हणून तुमच्या शुक्रवारच्या प्रवासाचं आरक्षण गुरुवारच्या हिशेबानं, एक दिवस आधी उघडतं.

तत्काळला हाच घोळ जास्त महागात पडतो. तत्काळ गाडी सुटायच्या आदल्या दिवशी उघडतं: एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. शुक्रवारी रात्री सांगलीत चढणाऱ्यांचं तत्काळ मग बुधवारी उघडतं, गुरुवारी नाही. गुरुवारी सकाळी दहा वाजता चहा घेऊन मोबाइलसमोर बसलेले लोक मी पाहिले आहेत. येतानाची गाडी वास्कोहूनच सुटते, त्यामुळे तिथं हिशेब सरळ: शनिवारचा प्रवास, शुक्रवारी तत्काळ. ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं आणि ओटीपी येतो, तेव्हा हे काम आधीच उरकून ठेवा. अकरा वाजता ते करायला गेलात, तर अकरा वाजून पाच मिनिटांनी वेटिंग हातात येतं.

सांगली किंवा साताऱ्याहून मडगावपर्यंत शोधलं आणि पीक्यूडब्ल्यूएल अशी वेटिंग दिसली, तर तिच्यावर फार विसंबू नका. मधल्या स्टेशनांच्या सामायिक कोट्यातली ही यादी जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण वेटिंगपेक्षा हळू सरकते. अशा वेळी पुण्याहून किंवा मिरजेहून जागा आहे का ते पाहा. पुण्याहून तिकीट काढून चढण्याचं स्टेशन सांगली करून घेता येतं. हा बदल निदान एक दिवस आधी करून टाका. न बदलता सांगलीत चढायला गेलात, तर तोवर टीसीनं तुमचा बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो. थोडे पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळतो. येताना हीच युक्ती उलटी: सांगलीपर्यंत नसेल तर पुण्यापर्यंतचं काढा आणि सांगलीत उतरून मोकळे व्हा.

वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढायचे दिवस गेले. ऑनलाइन वेटिंग पक्कं झालं नाही, तर ते आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरचं वेटिंग तिकीट आरक्षित डब्यात चालत नाही. "टीसीशी बोलून घेऊ" हा बेत घरच्यांना घेऊन जाताना करू नये.

जातानाचं काहीच जमलं नाही, तरी अडत नाही. कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं एसटीनं किंवा गाडीनं गोव्यात उतरा आणि फक्त परतीची रेल्वे करा. आंबोलीचा घाट रस्त्यानं, ब्रागांझा रुळावरून. मला हाच बेत आता जास्त आवडतो. जातानाची रात्र तशीही झोपण्यातच जाते.

स्लीपर की एसी

फक्त घाटासाठी जात असाल, तर स्लीपर. एसी डब्याच्या काचा बंद असतात, त्यांवर धूळ नाहीतर पावसाचे ओघळ असतात, आणि फोटोत स्वतःचाच चेहरा उमटतो. स्लीपरची काच वर सरकवली, की जंगलाचा ओला वास आत येतो. बरोबर वयस्कर माणसं असतील आणि रात्रीची झोप महत्त्वाची असेल, तर जाताना थ्री-एसी आणि येताना स्लीपर अशी वाटणी करा. येतानाचा प्रवास सांगलीपर्यंत जेमतेम सात-आठ तासांचा, त्यातला बराचसा बसून. सातारकरांना मात्र थोडी झोप घ्यावीच लागते.

बर्थचा क्रमांक कसा वाचायचा हे एकदा समजून घ्या. आठ-आठ बर्थचे गट असतात: १ लोअर, २ मिडल, ३ अप्पर, मग समोर ४ लोअर, ५ मिडल, ६ अप्पर, आणि पॅसेजच्या पलीकडे ७ साइड लोअर, ८ साइड अप्पर. पुढच्या गटात हेच ९ पासून. म्हणजे ७, १५, २३, ३१, ३९ हे सगळे साइड लोअर.

दोघंच जात असाल, तर साइड लोअर आणि साइड अप्पर हे सोनं आहे. दिवसा साइड लोअर मधून दुमडला, की समोरासमोर दोन खुर्च्या होतात आणि दोघांनाही आपापली खिडकी मिळते. नेमका क्रमांक निवडता येत नाही, पण बुकिंग करताना साइड लोअरची पसंती देता येते. रात्री मात्र सहा फुटी माणसानं साइड बर्थची अपेक्षा धरू नये. पाय कुठं ठेवायचे हा प्रश्न बेळगावपर्यंत सुटत नाही.

मिडल बर्थ वर लावायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. घाटात कुणी दुपारी चारलाच मिडल टाकून झोपायला लागला, तर त्याला हा नियम गोड शब्दांत सांगा. आणि कुठल्या बाजूची खिडकी चांगली यावर भांडू नका. रूळ सारखा वळत असतो, कधी दरी इकडे, कधी तिकडे. दोन्ही बाजूंच्या लोकांनी जागा वाटून घेतल्या, तर सगळ्यांना सगळं दिसतं. कुळे सुटल्यावर डब्यातल्या अनोळखी लोकांत जी मैत्री होते, ती पुढे बेळगावला कुंदा वाटण्यापर्यंत टिकते.

कधी जायचं

धबधबा भरलेला हवा तर जुलै ते सप्टेंबर. त्यातही मला ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर बरा वाटतो. पाणी भरपूर असतं, पण पावसाची झड थोडी उघडलेली असते. भर जुलैत कित्येकदा धुकं एवढं असतं, की धबधब्याचा आवाज ऐकू येतो आणि दिसतो फक्त पांढरा पडदा. थंडीत जंगल छान दिसतं, आकाश स्वच्छ असतं, पण पाणी रोडावलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये केवळ दूधसागरसाठी जाऊ नये.

पावसाळ्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. २३ जुलै २०२१ ला दूधसागर-सोनावळी टप्प्यात दरड कोसळून एका प्रवासी गाडीचे डबे घसरले होते. ९ ऑगस्ट २०२४ ला याच भागात कोळशाची मालगाडी घसरली आणि मार्ग बंद पडला. असं काही झालं, की गाड्या दुसऱ्या मार्गानं वळवतात किंवा रद्द करतात. त्यामुळे पावसाळ्यात परतीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा कोर्टाची तारीख ठेवू नका. निघायच्या दिवशी सकाळी आणि पुन्हा स्टेशनवर जायच्या आधी रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकाला फोन करा किंवा अॅपवर गाडीची स्थिती पाहा.

बरोबर काय घ्यायचं

खाण्याच्या बाबतीत मी गाडीवर अवलंबून राहत नाही. जाताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि दही. सांगलीकर असाल तर भडंग न सांगताही पिशवीत येतंच. वर कांदा-लिंबू वेगळं घ्या, आधी कालवलंत तर मिरजेपर्यंत त्याचा चिवडा राहत नाही, लगदा होतो. सातारकर कंदी पेढे घेतात, ते दोन दिवस सहज टिकतात. येताना बेळगाव रात्री लागतं, तिथं जेवण आणि कुंदा मिळतो, तोवर गोव्यातून पोळी-भाजी बांधून घ्या. घाटात हाताशी काहीतरी हवंच, कारण त्या दोन तासांत कुणी जागा सोडून जेवायला उठत नाही.

पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवायची म्हणजे अंगावर पाणी येणारच. एक जुना टॉवेल, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी आणि बसण्याच्या जागी पसरायला एखादी जाड पॉलिथिन. बोगद्यात शिरताना हात आणि डोकं आत. सामानाला साखळी-कुलूप. बऱ्याच गाड्यांत रात्री अकरा ते पाच चार्जिंगचे पॉइंट बंद असतात, तेव्हा पॉवर बँक ठेवा. घाटात मोबाइलची रेंज जवळजवळ नसते, म्हणून नकाशा आणि तिकीट आधीच उतरवून ठेवा.

गोव्यातून बाटल्या आणण्याचा मोह होतो. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तपासणी होते. एवढं सांगून मी थांबतो.

प्रत्यक्ष दिवस

सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. एसटी स्टँडवरून रिक्षाला वेळ धरून निघा, रात्री तर नक्कीच. सांगलीकरांना स्टेशन जवळ, पण गाडी निसटली असं वाटलं तर मिरज दहा किलोमीटरवर आहे. तिथं गाडी जास्त वेळ थांबते, पण तिला रस्त्यानं गाठायचा जुगार पाऊस नसेल तरच खेळा.

पहाटे मडगावला किंवा वास्कोला उतरलात की दुपारपर्यंत हाताशी आठ-नऊ तास असतात. त्यात गोवा "करायचा" प्रयत्न करू नका. आंघोळ, नाश्ता, थोडा बाजार. वास्कोत असाल तर बायणा किनारा स्टेशनपासून जवळ आहे. मुक्काम करायचा असेल तर दोन रात्री ठेवा. पण परतीला चढा वास्कोहूनच. मडगावला गर्दी असते आणि खिडकीजवळ कुणीतरी आधीच बसलेलं असतं. वास्कोला गाडी रिकामी फलाटावर उभी असते. सामान लावायला, काच पुसायला, शेजाऱ्याशी ओळख करून घ्यायला अर्धा तास मिळतो. काच खरंच पुसा, आतून ओल्या फडक्यानं.

मडगाव, सावर्डे-कुडचडे करत गाडी कुळेला येते. इथं ती थोडी रेंगाळते आणि मागे बँकर जोडले जातात. चहा इथंच घ्या. गाडी सुटली की वेग एकदम उतरतो आणि मग जे सुरू होतं, ते बघण्यासाठीच एवढा हिशेब केला. सोनावळीच्या आसपास दरीपलीकडे डोंगरावर पांढरी रेघ दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दूधसागर वाटत नाही, कारण तो अजून लांब असतो. बोगदे सुरू होतात, रेघ नाहीशी होते, पुन्हा दुसऱ्या बाजूनं दिसते, आणि एका बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या पाणी अंगावर येतं. पूल मिनिटभरात संपतो. कॅमेरा चालू करत बसलात तर तेवढ्यात संपतो, म्हणून बोगद्यातच चालू करून ठेवा. दोन फोटो काढा आणि बाकी डोळ्यांनी बघा.

दूधसागरला गाडी थांबली, तरी उतरू नका. रुळांवरून चालत धबधब्याकडे जायला बंदी आहे. जुलै २०२३ मध्ये असे उतरलेल्या ट्रेकरना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ आणि १५९ खाली कारवाईचा इशाराही दिला. दारात पाय सोडून बसणंही नको. ओल्या पायरीवरून घसरलेल्या माणसाला खाली दरीच मिळते. धबधब्याच्या पायथ्याशी जायचंच असेल, तर पाऊस संपल्यावर कुळेहून वनखात्याच्या परवानगीच्या जीप सुरू होतात. तो बेत वेगळा आणि दिवसभराचा.

कॅसल रॉकला घाट संपतो. जादा इंजिनं सुटतात, हवा गार होते. तिनई घाट, लोंढा, खानापूर असं जंगल हळूहळू विरळ होत अंधारात मिसळतं. इथून पुढे बघण्यासारखं काही राहत नाही, बेळगावला जेवून घ्या.

सातारकरांनी मोबाइलला दोन गजर लावावेत, आणि १३९ वरची स्टेशन येण्याआधी फोन करून उठवणारी सोयही घ्यावी. झोप लागली तर पुणे पहाटे उजाडतं. साताऱ्याला उतरता त्या अपरात्री माहुलीला रिक्षा मिळेलच असं नाही, घरच्यांना नाहीतर ओळखीच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा. सांगलीकरांना झोपायचं कारणच नाही. मिरज सुटलं की बर्थखाली चपला शोधायला लागा. विश्रामबाग गेलं की सांगली आलीच, आणि गाडी आपल्याकडे दोन-चार मिनिटांच्यावर थांबत नाही.